आनापान

आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे नुसते लक्ष ठेवण्याची बौद्ध साधना. विपश्यनेची पहिली पायरी. मूळ विवेचन पाली मज्झिमनिकायातील आनापानसति सुत्तात असून तेथे तिचे १६ टप्पे दिले आहेत. महाराष्ट्रात ती घरोघरी माहीत झाली सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्यामुळे. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. अचलपूर-परतवाड्याहून अंजनगाव, अकोटमार्गे जाता येईल असे वऱ्हाडातले केंद्र म्हणजे तेल्हाऱ्याचे धम्म अनाकुल.

दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापानच चालते. विपश्यना शिकवतात ती चौथ्या दिवशी. पहाटे साडेचारला बैठक सुरू होते. डोळे मिटलेले, पाठ सरळ, लक्ष नाकपुड्या आणि वरच्या ओठावरच्या जागेवर. श्वास डावीकडून येतो की उजवीकडून, लांब आहे की आखूड, आत येताना गार आणि जाताना कोमट लागतो का, एवढेच पाहायचे. दोन-चार श्वास होतात न होतात तोच मन मृगबहराच्या संत्र्यापाशी, थकलेल्या पीककर्जापाशी पोचलेले असते. लक्षात आले की चिडचिड न करता परत श्वासावर यायचे. हे परत येणे हीच खरी साधना. मन भटकले म्हणून बैठक वाया गेली, असे नवख्याने अजिबात मानू नये.

प्राणायामाशी आनापानाची गल्लत नेहमी होते. प्राणायामात पूरक, कुंभक, रेचक यांनी श्वासाला वळण लावतात. आनापानात तो जसा असेल तसा राहू देतात. मंत्रजप किंवा श्वासांची मोजणीही गोएंकांच्या पद्धतीत नाही. तरी श्वासातून ध्यानाकडे जाण्याची वाट दोन्हीकडे आहे : पतंजलींनीही प्राणायामाने मन धारणेला योग्य होते असे म्हटले आहे. श्वास हाच पाया का, याचे उत्तर साधे आहे. तो आपोआप चालतो आणि मनात आणले तर बदलताही येतो. राग-भीतीने त्याची चाल लगेच बिघडते, म्हणून मनाची अवस्था त्यात आधी कळते. शिवाय तो कोणत्याही जातिधर्माचा नसतो.

राज्याच्या शाळांत ‘मित्र’ नावाच्या उपक्रमाखाली मुलांना आनापान शिकवले जाते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दीर्घ शिबिराला बसू नये.