उचल आणि स्वखुशी

ऊसतोड मजुरांना वेठबिगार म्हटलं की एक उत्तर ठरलेलं असतं. मजूर उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतो ती स्वखुशीनं, त्याला कुणी बांधून नेत नाही. उलट उचल घेऊन पळणारेच फार, आणि त्यात मरतो तो मजुरांची टोळी आणणारा मुकादम. कारखान्याच्या शेती खात्यात हे ऐकू येतं, तसं बीडमधल्या शिकल्यासवरल्या घरांतही. म्हणूनच ते तपासून घ्यायला हवं.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा साखळदंड शोधत नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावं लागलं, किंवा दुसरीकडे काम धरायची मुभा गेली, तर ती वेठबिगारी. हे करारानं घडतं असं कायद्याच्या व्याख्येतच गृहीत धरलेलं आहे. मग ‘त्यानं करार केला होता’ हा बचाव उरतो कुठं? एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली न्यायमूर्ती भगवतींनी भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर पत्करलेलं कामही घटनेच्या कलम २३ मधल्या सक्तीत धरलं. पोट भरायला दुसरा मार्गच नसेल तर होकाराला स्वखुशी म्हणता येत नाही.

आता फडातला व्यवहार पाहा. उचल मिळते पावसाळ्यात, आणि लेकीचं लग्न, दवाखाना, जुनी देणी यांत हंगामाआधीच संपते. पुढचे पाच-सहा महिने ती फेडायची. हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि तोही शेवटी. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि तिच्यापाठोपाठ माणूसही, त्याच मुकादमाकडे. दुसऱ्या टोळीत चार पैसे जास्त मिळत असले तरी त्याला तिकडे जाता येत नाही. कायद्याला अभिप्रेत असलेलं बंधन ते हेच.

मजुरीचं म्हणाल तर २०२४ च्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. म्हणजे दोन टन भरले तरी माणशी ३६६ रुपये, आणि त्यात पहाटेची तोडणी, मोळ्या बांधणं, मध्यरात्री गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणंही आलं. जोडी मिळून एक कोयता, त्यामुळे बाईच्या नावावर वेगळा रुपया नाही. खाडा झाला तर दंड मात्र कापला जातो. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हे केवळ अज्ञानातून झालं असं म्हणणाऱ्यांनी खाड्याचा हिशेब मांडून बघावा. पाळीच्या चार दिवसांचीही जिथं किंमत मोजावी लागते, तिथं डॉक्टरनं सुचवलेली शस्त्रक्रिया सुटकेसारखी वाटते.

राहिला पळून जाण्याचा मुद्दा. तो खोटा नाही. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेले, टोळी न आल्यानं बुडालेले तरुण आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांना बुडवलं कुणी? कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम मजुराला. प्रत्येक पायरीवर जोखीम खाली ढकलली जाते. ज्याच्या गाळपासाठी ही सारी धडपड, त्या कारखान्याच्या हजेरीपटावर मजुराचं नाव नसतं. म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि अपघात झाला तर मालक कोण हेच ठरत नाही. कारखान्यानं तोडणी कामगाराला आपला कामगार मानून थेट खात्यावर दर आठवड्याला मजुरी दिली, तर एवढ्या मोठ्या उचलीची गरज निम्म्यानं तरी कमी होईल, असं मला वाटतं.

आणि पैसे बुडाले म्हणून माणसाला गाडीत घालून परत आणायचा, त्याच्या घरच्यांना अडकवून ठेवायचा हक्क कुणालाच मिळत नाही. अशा तक्रारी पोलिसांत गेलेल्या आहेत. तिथं बहुतेकदा उचलीचा कागद पुढे येतो आणि मजूरच फसवणुकीचा आरोपी ठरतो. वास्तविक वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम १५ नुसार उलटं घडायला हवं: हे कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुरानं म्हटलं, की ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते.