घरदाराचे कुलूप : निवड आणि बसवणी

घराचे मुख्य दार बंद ठेवणारे, किल्लीने चालणारे साधन. तिजोरी, वाहने आणि दुकानाची शटरे यांची कुलपे या नोंदीत घेतलेली नाहीत. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाने मुख्य दारावर पैसे कुठे घालावेत, एवढाच प्रश्न इथे आहे. त्यासाठी जबलपूरचे रिछाई औद्योगिक क्षेत्र समोर ठेवले आहे. गन कॅरेज फॅक्टरी (1904) आणि व्हेइकल फॅक्टरी (1969) यांसारख्या कारखान्यांच्या या शहरात अनेकांचे आयुष्य पाळ्यांवर चालते. पाळीवर जाणाऱ्याचे घर दिवसा बंद असेल की रात्री, याचा नेम नसतो, आणि खोली भाड्याची असली तर दार बदलण्याची मुभाही नसते.

घरफोडीच्या बातम्यांत ‘कडीकोयंडा उचकटून’ हे शब्द इतक्या वेळा येतात की वाचणाऱ्याची नजर त्यांवर ठरतही नाही. खरे तर सगळी खरेदी त्यांवरूनच ठरवावी. आपल्याकडचा चोर किल्लीच्या भोकात तार घालून कसब दाखवत बसत नाही. तो कटावणी घालतो आणि जे आधी निसटेल ते काढतो. भारी कुलूप पातळ पत्र्याच्या कोयंड्यात अडकवले, तर कुलूप शाबूत राहते आणि घर रिकामे होते. म्हणून आधी दार, चौकट आणि कोयंडा पाहावा. कुलपाची पाळी त्यानंतर.

कोयंडा पारखायची रीत सोपी आहे. दार बंद करून बाहेर उभे राहावे. स्क्रूची डोकी दिसत असतील, तर तो कोयंडा पेचकसानेही निघतो. बंद झाल्यावर ज्याची पट्टी स्क्रू झाकते, तो घ्यावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे गोल डोक्याचे बोल्ट दारातून आरपार घालून आतून नट आवळणे. आडवी सळई सरकणाऱ्या आलड्रॉपलाही हाच नियम लागू आहे. जबलपुरात हार्डवेअरच्या दुकानात ताला-कुंडी, म्हणजे कुलूप-कोयंडा, म्हणून मागितले की गल्ल्यावरचा माणूस सवयीने कुलपाचेच खोके पुढे करतो. कुंडी आपण होऊन हातात घ्यावी, वजन पाहावे, जोड वाकतो का ते बघावे. चौकट भिंतीत होल्डफास्टने पक्की धरलेली नसेल, तर एका लाथेत ती कुलपासकट आत येते. चौकटीत जाणाऱ्या सव्वा इंची स्क्रूच्या जागी अडीच-तीन इंची स्क्रू घालणे हा सगळ्यांत स्वस्त आणि बहुधा सगळ्यांत दुर्लक्षित उपाय आहे.

टांगत्या कुलपांत लिव्हरचे कुलूप घरासाठी पुरेसे असते. किल्लीचे दाते आतल्या पट्ट्यांना ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतात; सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच बोल्ट सरकतो. पट्टी कमी उचलली गेली तर नाहीच, पण जास्त उचलली गेली तरीही तो अडतो. ही युक्ती इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनची, 1778 मधली. लिव्हर जितके अधिक, तितकी दुसऱ्याची किल्ली आपल्या कुलपाला लागण्याची शक्यता कमी. पण सात लिव्हर असले म्हणून कुलपाची वाकडी दांडी कापायला अवघड होत नाही. त्यासाठी दांडी कडक केलेल्या पोलादाची आणि जाड हवी. ती कोयंड्यात घट्ट बसावी, म्हणजे कटावणी शिरायला फट उरत नाही.

भारतातला कुलूपधंदा अलीगढ आणि तमिळनाडूतील दिंडिगुल इथे जुना आहे. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला. पुढे आलेले गोदरेजचे ‘नवताल’ मराठी घरांत इतके रुळले की अनेकांच्या लेखी चांगले कुलूप म्हणजे तेच. नावाजलेल्या कुलपांच्या नकलाही निघतात, तेव्हा बिल घ्यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नसण्याची प्रथा आहे आणि युको बँकेने 2011 मध्ये तिथे कुलपाविना शाखा उघडली. पण ते श्रद्धेचे गाव आहे, भाड्याच्या खोलीला तो दाखला लावू नये.

टांगत्या कुलपाचा मोठा दोष असा की ते घरात कोणी नसल्याची पाटीच दारावर लावते. नाइट लॅच आणि दाराच्या जाडीत कोरून बसवलेले मॉर्टिस कुलूप यांत तो दोष नाही. नाइट लॅच नुसते ओढून घेतले की स्प्रिंगची तिरकी जीभ अडकते आणि दाराला फट असेल तर ती प्लास्टिकच्या पातळ कार्डाने मागे ढकलता येते. किल्लीने वेगळा, सरळ बोल्ट पुढे जाणारे लॅच घ्यावे आणि किल्लीचा तो फेरा कोपऱ्यावरच्या किराण्यापर्यंत जातानाही द्यावा. मॉर्टिस कुलूप मजबूत, पण दार भरीव हवे. पातळ किंवा पोकळ दारात त्यासाठी खाच पाडली, तर दार नेमके तिथेच कमकुवत होते. किल्ली जिथे फिरते तो सिलिंडर बाहेरच्या पट्टीपुढे डोकावत असेल, तर पकडीत धरून तोडता येतो. टांगते कुलूप काही शे रुपयांत येते, मॉर्टिसचा चांगला संच काही हजारांत जातो. भाडेकरूला पहिले परवडते, शिवाय खोली सोडताना सोबत नेता येते.

जबलपूरच्या पावसाळ्यात लाकडी दार फुगते, बोल्ट आणि चौकटीतले भोक यांची जुळणी बिघडते. लोक किल्लीवर जोर देतात, ती आत मोडते. भोक थोडे घासून मोठे करणे हा त्यावर उपाय आहे. किल्लीच्या भोकात खोबरेल ओतू नये, त्याला धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड, नाहीतर पेन्सिलीच्या शिशाचा भुगा चालतो.

आतून किल्लीनेच उघडणारे कुलूप घरात माणसे असताना धोक्याचे आहे. आग लागली की किल्ली शोधायला वेळ नसतो. आतल्या बाजूला हाताने फिरवायची खिटी असावी. पाळीवर जाताना झोपलेल्यांना बाहेरून कुलूप घालण्याची रीत काही घरांत दिसते, ती मोडावी.

किल्ल्यांचा हिशेब कुलपाइतकाच महत्त्वाचा. मागच्या भाडेकरूने किती किल्ल्या करून घेतल्या हे घरमालकालाही ठाऊक नसते. म्हणून खोली घेताच टांगते कुलूप बदलावे. सिलिंडरचे मॉर्टिस असेल तर पूर्ण संच बदलायची गरज नाही, सिलिंडर बदलून भागते. एकाच घरात दोन पाळ्या असल्या तर किल्ली मीटरच्या पेटीवर किंवा झाडाच्या कुंडीखाली ठेवण्याऐवजी दुसरी करून घ्यावी. चोरीच्या विम्यात सर्वसाधारणपणे घर बळाने फोडल्याची खूण मागतात. लपवलेल्या किल्लीने सरळ उघडलेल्या दारावर तशी खूण नसते, आणि मग भरपाईचा दावा अडतो.