कॅथलिक शाळेला डोंगर चढायला इतका उशीर का झाला?

आजचा विषय शाळा, पण सुरुवात नकाशापासून करू. फोनवर पालघर जिल्हा उघडा. किनाऱ्याला वसई, वर डोंगरात जव्हार आणि मोखाडा. जिल्हा एकच, पण कॅथलिक शाळांचा इतिहास बघितला तर ही दोन वेगळी जगं आहेत. असं का?

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मागोमाग मिशनरी आले. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या चर्चचे आणि कॉलेजचे अवशेष आजही दिसतात. जव्हार मात्र मुकणे राजांचं, म्हणजे कोळी संस्थान. पोर्तुगिजांची सत्ता किनारपट्टीवरच थांबली आणि तिच्याबरोबर शाळाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तो अध्याय संपला.

त्या काळी शिकवायचे काय? 1599 मध्ये जेझुइटांनी 'रातिओ स्तुदिओरुम' नावाचा आराखडा काढला. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला ते चक्क डॉक्युमेंटेशन वाटतं. कुठल्या वर्गात काय, कसं शिकवायचं, परीक्षा कशी घ्यायची, सगळं लिहिलेलं. लॅटिन, ग्रीक, वक्तृत्व, पुढे तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या. शाळा कुठल्याही देशात असो, साचा तोच.

पण साचा एक असला तरी माणसांची भाषा एक नसते. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला हे कळलं होतं. त्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं, जवळपास अकरा हजार ओव्या! 1616 मध्ये ते छापलं गेलं तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते.

आता आपल्या काळात येऊ. 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावर जाहीरनामा काढला. त्यात कॅथलिक शाळांनी गरिबांची, कुटुंबाचा आधार नसलेल्यांची आणि इतर धर्मीयांचीही विशेष काळजी घ्यावी असं म्हटलंय. मिशन कागदावर तर स्पष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात तळासरीला जेझुइटांचं ज्ञानमाता सदन आदिवासी मुलांसाठी काम करत आलंय, म्हणजे हे अशक्य नाही.

कायद्याची बाजूही बघा. संविधानाचं कलम 30 अल्पसंख्याकांना शाळा काढायचा हक्क देतं. कलम 28 नुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणावर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. आणि 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार, गरीब मुलांना 25 टक्के जागा देणारा शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही.

इथेच खरी गोम आहे. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं भातकापणी झाली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. सोबत पोरंही. घरी वारली किंवा कोकणा बोलणारं पोर अर्धं वर्ष शाळेबाहेर. म्हणजे बघा, शाळेला डोंगर चढायला उशीर झाला, पण पोरं डोंगर उतरून जुन्या, नावाजलेल्या शाळांच्या परिसरात येतात आणि गेटबाहेर राहतात. कायदा त्यांना आत घ्यायची सक्ती करत नाही. पण 1965 चा जाहीरनामा तर करतो ना?

माझ्या मते शाळेचं मिशन निकालाच्या टक्क्यांवर मोजू नये. वसतिगृहात किती खाटा आहेत, फी किती आहे आणि पहिलीतल्या पोराशी त्याच्या बोलीत कुणी बोलतं का, यावर मोजावं. हे फक्त कॅथलिक नाही, आपल्या सगळ्याच शाळांना लागू आहे.

तुमच्या शाळेत वीटभट्टीवरचं पोर होतं का? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!