देवळालीचे मास्तर आणि हातातील गणकयंत्र

शंभर सूचना स्मरणात ठेवून त्या क्रमाने पार पाडणारे, हातात मावणारे ‘एचपी-६५’ हे गणकयंत्र १९७४ साली अमेरिकेत निघाले. सूचना चुंबकीय पट्टीवर साठवावयाच्या, मग एक कळ दाबावयाची! आलेख काढणारे कॅसिओचे यंत्र १९८५ साली आले.

तथापि अशी सूचनामाला यंत्रावाचून सिद्ध करणारे गृहस्थ आपल्याच महाराष्ट्रात होते. देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ती १९४९ साली मांडिली. चार अंकी संख्या घ्यावी. सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि बाकीवर पुन्हा तेच. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. तेथून पुढे हालचाल नाही! सातांहून अधिक फेऱ्या कधीच लागत नाहीत.

येथील पुष्कळ विद्वानांनी यास पोरखेळ मानिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

गोंदियास माझ्या वर्गात एका मुलाने गणकयंत्रावर हाच प्रयोग पाच अंकांवर केला. संख्या थांबेचनात, त्याच त्या फिरून येऊ लागल्या. “गुरुजी, यंत्र बिघडले काय?” यंत्र बिघडले नव्हते. त्या दिवशी घंटा झाल्यावरही कोणी उठले नाही.