रायपूरचा स्वस्त पडदा : खुराड्याच्या जाळीपासून होम थिएटर संगणकापर्यंत

रायपूरच्या पंडरी भागाचे नाव कापडाच्या घाऊक बाजारासाठी घेतले जाते. तेथून जवळच, शंकरनगरात, दूरदर्शनचे केंद्र आहे. रायपूरला दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १९७७ मध्येच मिळाले. बंगळुरूला त्यासाठी १९८१ उजाडावे लागले. लोकसंख्या, उद्योग, राजकीय वजन यांपैकी कशानेही हा क्रम उलगडत नाही. त्याचे कारण रायपूरभोवतीच्या खेड्यांत आहे, आणि आज कमी खर्चात घरी होम थिएटर संगणक जुळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते उपयोगी पडावे असे आहे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. 'साइट' या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. मध्य प्रदेशाच्या वाट्याची खेडी रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांतील होती, म्हणजे आजच्या छत्तीसगडातील. यांतील असंख्य गावकऱ्यांनी तोवर चित्रपटगृहही पाहिलेले नव्हते. त्यांच्या आयुष्यातला पहिला हलता पडदा थेट अवकाशातून उजळला.

या प्रयोगाचा करार अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात सप्टेंबर १९६९ मध्ये झाला होता. त्यामागे विक्रम साराभाईंची दृष्टी होती. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले आणि प्रत्यक्ष उभारणी इतरांच्या खांद्यावर आली. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक यशपाल आणि 'साइट'च्या कार्यक्रमाची धुरा वाहणारे एकनाथ वसंत चिटणीस ही त्यांतली दोन प्रमुख नावे. कोल्हापुरात २५ जुलै १९२५ रोजी जन्मलेले चिटणीस ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात निवर्तले, तेव्हा 'साइट'लाही पन्नास वर्षे होऊन गेली होती. वृत्तपत्रांतील मृत्युलेखांनी थुंबा येथील रॉकेट केंद्राच्या जागेच्या शोधाची आठवण योग्यच काढली. पण २,४०० खेड्यांत संच पोहोचवून ते वर्षभर चालते ठेवणे हे काम कमी मोलाचे नव्हते.

प्रश्न मुळात पैशाचा होता. उपग्रहावरून येणारा संकेत पकडण्याचे तंत्र भारताला अपरिचित नव्हते. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे परदेशी दूरसंचारासाठी भूकेंद्र उभे राहिले होते; त्याच्या अँटेनाचा व्यास सुमारे ३० मीटर होता. तसली यंत्रणा देशात एखाददुसरीच परवडते. खेड्यातील शाळेच्या किंवा पंचायतीच्या अंगणात जे उभारायचे, ते गावच्या लोहारालाही समजेल असे हवे होते.

अहमदाबादच्या अभियंत्यांनी काढलेले उत्तर आजही थक्क करते. सुमारे ३ मीटर व्यासाची छत्री करायची आणि तिच्या पृष्ठभागासाठी पत्रा न वापरता कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी ताणायची. छत्रीने गोळा केलेला संकेत एका छोट्या परिवर्तकातून जाई आणि साध्या कृष्णधवल संचाला समजेल अशा रूपात बाहेर पडे. या संरचनेवरून संच तयार केले ते हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने. जेथे वीज पोहोचली नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालत.

भोके असलेली छत्री चालते कशी? प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झवर होते. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर निघते. जाळीचे भोक तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असेल, तर लहरीला ते भोक जणू दिसतच नाही; जाळी तिला सलग पत्र्यासारखी भासते आणि ती परावर्तित होते. उलट वारा मात्र जाळीतून आरपार जातो, त्यामुळे छत्रीला भक्कम पाया आणि जड लोखंडी सांगाडा लागत नाही. खर्च वाचला तो असा दोन्ही अंगांनी.

पण एवढ्याने भागत नाही. आर्वीची ३० मीटरची छत्री आणि खेड्यातली ३ मीटरची, यांच्या क्षेत्रफळांत शंभरपटीचा फरक आहे. गावातील छत्री शंभरपट कमी ऊर्जा गोळा करणार. मग ही तूट भरून कोणी काढायची? ती काढली उपग्रहाने. ३० मे १९७४ रोजी प्रक्षेपित झालेल्या एटीएस-६ या नासाच्या उपग्रहावर कक्षेत गेल्यावर उलगडणारी ९ मीटरहून मोठी छत्री होती. त्याचा प्रक्षेपक ८० वॅटचा होता, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या दिव्याएवढाच. परंतु ती सारी शक्ती तीन अंशांहूनही अरुंद झोतात एकवटून भारताकडे रोखलेली होती. शिवाय चित्रसंकेत वारंवारिता बदलून पाठवला जात असे. या पद्धतीत रुंद पट्टा खर्ची पडतो, पण मंद संकेतही खरखरीतून स्वच्छ निवडता येतो. अवकाशातील एक यंत्र महाग केले म्हणून जमिनीवरची २,४०० यंत्रे स्वस्त झाली.

एटीएस-६ साठी रेखांश निवडला होता ३५ अंश पूर्व, आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या माथ्यावर. रायपूरहून हिशेब मांडला तर उपग्रह नैर्ऋत्येपेक्षा पश्चिमेकडे अधिक झुकलेला आणि क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश उंचीवर येतो. छत्तीसगडच्या सपाट भातशेतीच्या मुलखात ही उंची अडचणीची नव्हती. ३ मीटरच्या छत्रीची दृष्टी या वारंवारितेला सुमारे आठ अंश रुंद असल्याने तिचे तोंड एखाद्या अंशाने चुकले, तरी चित्र जात नसे. सोय म्हणून ही बाब वरवर लहान वाटेल. पण प्रत्येक गावात अभियंता पाठवणे शक्य नसताना तिच्यावर पुष्कळ काही अवलंबून होते.

कार्यक्रम रोज सुमारे चार तास चालत : सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि करमणूक. हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगू अशा चार भाषांत ते तयार होत. एका चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय असल्याने एकच चित्र दोन भाषांत ऐकवता येई. रायपूरच्या खेड्यांना मात्र बिहार आणि राजस्थानबरोबर हिंदीच मिळाली. घरात छत्तीसगडी बोलणाऱ्या लहान मुलासाठी ती शाळेची भाषा होती, आईची नव्हे. स्वस्ताईचा हाही एक भाव होता, आणि तो तांत्रिक अहवालांच्या आकड्यांत सहज दिसत नाही. प्रयोगाच्या वर्षात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही याच पडद्यावरून दिले गेले.

खासगी घरात असा संच जवळजवळ नव्हताच. एक अपवाद ठळक आहे. भूस्थिर उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल ही कल्पना ऑक्टोबर १९४५ मध्ये मांडणारे लेखक आर्थर सी. क्लार्क कोलंबोत राहत. इस्रोने त्यांच्या घरी एक संच बसवून दिला. उपग्रहाचे चित्र स्वतःच्या छत्रीने घरबसल्या पाहणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या व्यक्तींत त्यांची गणना करावी लागेल.

३१ जुलै १९७६ रोजी करार संपला. एटीएस-६ नासाचा होता. तो पुन्हा पश्चिमेकडे सरकवण्यात आला. खेड्यांतील छत्र्या, परिवर्तक, संच जागच्या जागी होते आणि त्यांच्यात काही बिघडलेही नव्हते, पण पडदे विझले. संच स्वस्त करताना कामाचा जड भाग दूरच्या यंत्रावर टाकला होता, आणि ते यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे होते. पुढच्याच वर्षी जयपूर, हैदराबाद, गुलबर्गा, संबळपूर, मुझफ्फरपूर आणि रायपूर येथे जमिनीवरचे प्रक्षेपक उभारले गेले, ते या तुटलेल्या धाग्याला गाठ मारण्यासाठी. त्यांच्या टप्प्यात येणाऱ्या गावांना चित्र परत मिळाले, टप्प्याबाहेरच्यांना नाही. पंडरीशेजारच्या शहराला बंगळुरूच्या आधी दूरचित्रवाणी मिळाली ती अशी, खेड्यांच्या पुण्याईवर.

धडा कोणी घेतला असेल, तर तो धोरणकर्त्यांनी. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी कक्षेत गेला आणि भारताला असे प्रक्षेपण स्वतःच्या उपग्रहावरून करता येऊ लागले. नागपूरला त्यासाठी कार्यक्रम निर्माण करणारे स्वतंत्र केंद्र आले. पुढची कथा सर्वपरिचित आहे : रंगीत चित्र, केबल, खासगी वाहिन्या. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने मासिक शुल्क नसलेली थेट उपग्रह सेवा सुरू केली. आज ती 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. तिची तरंगलांबी पावणेतीन सेंटिमीटरांच्या आतबाहेर आहे. येथे खुराड्याची जाळी कुचकामाची, सलग पत्राच हवा. पण तो ६० सेंटिमीटरचा असला तरी पुरतो. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला असल्याने रायपूरच्या गच्च्यांवरील छत्र्या आता आग्नेयेकडे तोंड करून, ६० अंशांहून अधिक उंच मान करून बसलेल्या दिसतात. १९७५ च्या छत्र्यांचे तोंड अगदी वेगळ्या दिशेला होते.

मधल्या काळात संगणकाला पडदा बनवण्याचा खटाटोप वेगळ्याच वाटेने चालू होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संगणकात बसवायची टीव्ही ट्यूनर कार्डे भारतीय बाजारांत आली; वसतिगृहांतील पुष्कळ मुलांनी क्रिकेटचे सामने संगणकाच्या काचेवर पाहिले ते त्यांच्या किंवा स्वतंत्र ट्यूनर डबीच्या आधारे. २००२ मध्ये काही हौशी प्रोग्रामरांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रपट चालवणारी प्रणाली लिहिली. त्या यंत्रात ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि अवघी ६४ मेगाबाइट स्मृती होती. हीच प्रणाली पुढे लिनक्ससह इतर संगणकांवर पोहोचली आणि २०१४ पासून 'कोडी' या नावाने विनामूल्य मिळते. होम थिएटर संगणक या शब्दप्रयोगाला सामान्य घरात अर्थ आला तो अशा प्रणालींमुळे.

येथेही प्रश्न ओझे कोणी उचलायचे हाच. १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २४ चित्रे. न आवळलेल्या अशा चित्रपटाला सेकंदाला सुमारे १२० कोटी बिट लागतात. २००३ च्या एच.२६४ या मानकाने तोच चित्रपट सेकंदाला ८० लाख बिटांत बऱ्यापैकी बसतो, म्हणजे दीडशेपट आवळून. आवळण्याचे काम प्रचंड कष्टाचे, उलगडण्याचे त्या मानाने हलके. कष्ट एकदा पाठवणाऱ्याने करायचे, म्हणजे पाहणाऱ्या लाखोंची यंत्रे साधी राहतात. एटीएस-६ आणि गावची छत्री यांच्यातील वाटणी हीच होती.

उलगडण्याचे हे हलके कामही जुन्या प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून चित्रासाठी खास घडवलेला विभाग चिपमध्ये असावा लागतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या ३५ डॉलरच्या 'रास्पबेरी पाय'चा मुख्य प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्या काळीही मागासलेला. तरी पूर्ण उच्च दर्जाचा चित्रपट तो साडेतीन वॅटच्या आसपास विजेत चालवी, कारण खरे काम शेजारचा चित्रविभाग करी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या रायपुरात या साडेतीन वॅटना खास मोल आहे. जुना कार्यालयीन संगणक स्वस्तात मिळतो, पण तो पन्नास-साठ वॅट उष्णता खोलीत ओततो, त्याचा पंखा धूळ ओढतो आणि चित्रपटातील हळुवार संवादावर घरघरतो. पैसे मोजकेच असतील, तर प्रोसेसरच्या वेगापेक्षा आधी त्याचा चित्रविभाग कोणती मानके उलगडतो हे पाहावे. उरलेली रक्कम मोठ्या साठवण डिस्कवर आणि बऱ्या ध्वनिवर्धकांवर खर्चावी. रिमोट निराळा घ्यावा लागत नाही. एचडीएमआय तारेतून टीव्हीच्या रिमोटची आज्ञा संगणकापर्यंत जाते.

स्वस्त संगणकालाही ३१ जुलै १९७६ ची सावली चुकली नाही. पहिल्या रास्पबेरी पायच्या चिपमध्ये एमपीईजी-२ हे जुने मानक उलगडण्याची क्षमता होती, पण ती कुलूपबंद होती. स्वामित्वशुल्कापायी किंमत वाढू नये म्हणून ती बंद ठेवलेली; ज्याला हवी त्याने २.४० पौंड मोजून किल्ली घ्यायची. रक्कम किरकोळ. तथापि डीव्हीडी आणि डीडी फ्री डिशच्या वाहिन्या याच मानकात असल्याने भारतीय घराला नेमकी तीच किल्ली लागे, आणि ती परकीय चलनात, आंतरराष्ट्रीय कार्डावर घ्यावी लागे. विद्यार्थ्याजवळ असे कार्ड कोठून असणार?

एमपीईजी-२ वरील अमेरिकेतील शेवटची एकस्वे फेब्रुवारी २०१८ मध्ये संपली. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ मधून या मानकाचा खास विभाग काढूनच टाकण्यात आला, कारण नवा प्रोसेसर ते काम निव्वळ प्रणालीच्या बळावर करू शकत होता. आज पंडरीतील एखाद्या गच्चीवरची ६० सेंटिमीटरची छत्री, तिच्याखालच्या खोलीतला उपग्रह ट्यूनर आणि तळहाताएवढा संगणक मिळून दूरदर्शनचे चित्र पडद्यावर आणतात, तेव्हा उपग्रह भारताचा असतो, पाहण्याची प्रणाली विनामूल्य असते आणि किल्ली कोणाकडेच मागावी लागत नाही.