चाचणीतले तोतये

खात्यातून रक्कम वळती झाली, मात्र समोरच्याला ती पोहोचलीच नाही, हा अनुभव इंटरनेटवरून व्यवहार करणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी दोष बहुधा जोडणीवर ढकलला जातो. जोडणी कधी ना कधी तुटणारच. ती तुटल्यावर काय करायचे हे प्रणालीत लिहून ठेवले होते काय, आणि लिहिलेले कधी तपासले होते काय, हा खरा प्रश्न. ते तपासण्याचे एक साधन म्हणजे 'मॉक ऑब्जेक्ट'.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये कामांचा क्रम ठरविणारा एक थर असतो. त्याला 'ॲप्लिकेशन सर्व्हिस' म्हणतात. कचेरीतल्या हेडक्लार्कप्रमाणे तो स्वतः थोडे करतो आणि इतरांकडून पुष्कळ करवून घेतो. विदागारातून खाते मागवायचे, शिल्लक पाहायची, रक्कम वजा करून नोंद ठेवायची, दुसऱ्या बँकेकडे नेणाऱ्या गेटवेला निरोप धाडायचा आणि अखेरीस ग्राहकाला एसएमएस पाठवायचा. प्रोग्रॅमचा एखादा लहान भाग वेगळा काढून तपासणे, याला 'युनिट टेस्ट' म्हणतात. या थराचे वेगळे काढणेच अवघड, कारण त्याचे सारे काम दुसऱ्यांच्या भरवशावर चालते. खरा विदागार आणि खरा गेटवे जोडून चाचणी घ्यावी, तर ती रेंगाळते. शिवाय गेटवे आपल्याला हवा त्या क्षणी बंद पाडता येत नाही.

म्हणून त्यांच्या जागी तोतये उभे केले जातात. मराठी माणसाला तोतया म्हटले की पानिपतानंतर उपटलेला भाऊसाहेबांचा तोतया आठवेल. पण त्याचा हेतू फसवणुकीचा होता, येथे मात्र तोतया चाचणी लिहिणाऱ्यानेच नेमलेला असतो. त्यातही दोन जाती आहेत. विचारल्यावर पढवलेले उत्तर तेवढे देणारा तो 'स्टब'. आपल्याला कोणी, कोणत्या शब्दांत आणि किती वेळा हाक मारली हे ध्यानात ठेवून साक्ष देणारा तो 'मॉक'.

ही कल्पना टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे भरलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या परिषदेत निबंधरूपाने मांडली. पुढे जावा भाषेसाठी ईझीमॉक, जेमॉक, मॉकिटो अशी तयार साधने आली आणि तोतये हाताने घडविण्याचे कष्ट वाचले.

आता रक्कम पाठविण्याचेच उदाहरण घेऊ. स्टब सांगतो, खात्यात ५,००० रुपये आहेत. चाचणी ८,००० पाठविण्याचा हुकूम देते. येथे केवळ 'शिल्लक अपुरी' हे उत्तर पाहून भागत नाही; गेटवेच्या मॉकला एकदाही हाक गेलेली नाही, याचीही खात्री करावी लागते. ही सोपी चाचणी झाली.

पुढची महत्त्वाची. शिल्लक पुरेशी आहे, रक्कम वजा झाली आहे आणि गेटवेचा तोतया उत्तरच देत नाही. ठरलेली मुदत उलटून जाते. पैसे पोहोचले की नाही, कोणालाच ठाऊक नाही. तेच पुन्हा पाठवावेत तर दोनदा जाण्याची भीती, खात्यात परत जमा करावेत तर बँकेला भुर्दंड. व्यवहार 'प्रलंबित' म्हणून नोंदवून मागाहून चौकशी करणे, हाच त्यातला सुरक्षित मार्ग. चाचणीत मग असे लिहावे लागते: गेटवेला हाक एकदाच, नोंद 'प्रलंबित', आणि 'रक्कम पोहोचली' असा एसएमएस मुळीच नाही. प्रत्यक्षात क्वचित ओढवणारा हा प्रसंग तोतयामुळे दिवसातून शंभरदा, काही क्षणांत घडविता येतो. चाचणी लिहिण्याच्या निमित्ताने तो निर्णय कोणाला तरी घ्यावा लागतो, हा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो.

परंतु मॉकचा सोस वाईट. प्रत्येक बारीकसारीक हाकेची साक्ष काढू लागले, की चाचणी ही मूळ प्रोग्रॅमची नक्कलच होऊन बसते. मग आतली मांडणी जरा बदलली, तरी काही न बिघडता चाचण्या लाल होतात. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली लिहिलेल्या एका लेखात चाचणीकारांचे दोन पंथ सांगितले आहेत. एक शेवटी हाती आलेली स्थिती तपासणारा, दुसरा आपसातले संभाषण तपासणारा. बेरीज-वजाबाकीसारख्या कामाला पहिला पुरेसा आहे. जेथे संभाषण हेच काम असते, तेथे दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. तोतयाला आपण जे पढवले तेच तो बोलतो. खरा गेटवे रक्कम पैशांत मागत असेल आणि चाचणीकाराने ती रुपयांत गृहीत धरली असेल, तर सर्व चाचण्या हिरव्या दिसतील आणि ५०० रुपयांऐवजी ५ रुपये रवाना होतील. यास्तव परक्याच्या सॉफ्टवेअरचा थेट तोतया करू नये, असे जाणकार सांगतात. त्याच्यापुढे आपला एक पातळ दुभाषा ठेवावा आणि तोतया त्या दुभाष्याचा करावा. खुद्द दुभाष्याची परीक्षा मात्र खऱ्या गेटवेच्या चाचणीसाठी खुल्या ठेवलेल्या आवृत्तीशी जोडूनच घ्यावी. अशा परीक्षा थोड्या असतात, संथ असतात आणि कामाच्या घाईत नेमक्या त्याच पुढे ढकलल्या जातात.