शिक्षा की शिक्षण?

भोपाळच्या भेल कारखान्याच्या शेजारी अवधपुरी ही वस्ती आहे. तिथे आमचे एक आप्त राहतात, कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलाची बदली झाली आणि त्यांची सात वर्षांची नात अमरावतीहून तिथे शिकायला आली. सहामाहीच्या प्रगतिपत्रकात गणितापुढे शेरा आला, ‘कमज़ोर’. आजोबांनी तिला भाजीच्या पिशवीपाशी बसवून हिशेब घातला. पोरीने एकोणसाठातून बावीस वजा करून चटकन सदतीस सांगितले. मात्र ‘उनसठ’ म्हटले की ती थबके. उनसठ, उनहत्तर, उनासी, सारे तिला एकच वाटे. आजोबांनी मला विचारले, “आता सांगा, कच्चे कोण? पोर, शाळा की परीक्षा?”

हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड, ही गंमत आपल्या दुभाषी मुलखात प्रत्येक घरी एकदा तरी झालेली असते. प्राथमिक शाळेचा कस कसा लावायचा, या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर या गमतीत बरेच तथ्य आहे असे वाटते.

इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या नव्या नियमावलीने शाळांचे बरेचसे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेशी बांधले. तपासनीस येणार, मुले उत्तीर्ण होणार, त्या प्रमाणात पैसे मिळणार. हिशेब सरळ होता. परिणाम असा झाला की मुले वाचनाचे पुस्तकच तोंडपाठ करू लागली. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी त्या काळी स्वतः शाळा तपासनीस होते, त्यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. पुढे १८९० नंतरच्या दशकात इंग्लंडने ती सोडून दिली. दरम्यान निकालावर अनुदान देण्याची तीच रीत आपल्या मुंबई इलाख्यातही येऊन पोचली होती.

ऑक्टोबर १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यातील स्त्री-शूद्रांच्या शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात शाळा तपासणीविषयी जे आहे, त्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक भेट फारशी कामाची नाही, असे जोतिरावांनी म्हटले. निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देता शाळेत जावे, असे त्यांनी सुचवले. गावच्या व जिल्ह्याच्या अंमलदारांना इतर कामांतून सवड नसते आणि त्यांची परीक्षा वरवरची होते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. गरीब आणि शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजात निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगाची नाही, असेही त्यांचे मत होते. स्वतः शाळा चालवलेला माणूस बोलत होता. तपासणीचा धाक आणि तपासणीचा उपयोग यांतला फरक त्याला नीट ठाऊक होता.

जोतिरावांच्या पुण्यात मूल आणि तपासनीस निदान एका भाषेत बोलत. आपल्या भागात हेही गृहीत धरता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. बैतूल, छिंदवाडा, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले आणि भोपाळ त्या राज्याची राजधानी झाली. तिकडे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करावी, असे ते राज्यांना सांगते. सोय किती झाली याची चर्चा आपण पुष्कळ केली. मुलाची पारख कोणत्या भाषेत व्हावी, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

भोपाळच्या परिसरातच एक वेगळा प्रयत्न झाला. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. १९८२ पासून भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. त्यात परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा होती. पाठांतराऐवजी प्रयोग आणि विचार तपासला जाई. राज्य सरकारने तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद केला. ‘एकलव्य’ने प्राथमिक शाळांसाठीही ‘खुशी-खुशी’ ही पुस्तके तयार केली.

२००५ पासून ‘असर’ हे ग्रामीण पाहणीचे काम सुरू झाले. ते उभे करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या संस्थापकांत माधव चव्हाण हे मराठी गृहस्थ आहेत. त्यांचे साधन अगदी साधे आहे. एका कागदावर अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. कार्यकर्ता घरी जाऊन मुलाशेजारी बसतो आणि त्याला वाचायला सांगतो. चाचणी प्रादेशिक भाषांत तयार केलेली असते. २०२२ च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागात पाचवीतली फक्त ४२.८ टक्के मुले ती दुसरीची गोष्ट वाचू शकली. शाळांच्या इमारती आणि पटावरचे आकडे यांवरून हे कधीच कळले नसते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदाही दोन गोष्टी सांगतो: शक्य तिथे शिकवणे मातृभाषेतून असावे आणि मूल भयमुक्त असावे. दुभाषी मुलखात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. समजत नसलेल्या भाषेत विचारलेला प्रश्न हेच मुलाचे पहिले भय असते.

म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा फाटक, बस आणि फी यांच्या पुढे जा. वर्ग चालू असताना जाता येते का, ते विचारा. वहीत मुलाच्या स्वतःच्या चुका दिसतात की फळ्यावरून उतरवलेली सुबक उत्तरे, ते पाहा. घरी एक यत्ता खालचे पान वाचायला द्या. तोच हिशेब एकदा मराठीत आणि एकदा शाळेच्या भाषेत विचारा. मराठीत जमला आणि तिकडे अडला, तर मूल कच्चे नाही, शब्द राहिले आहेत. ते शिकवणे शाळेचे काम आणि थोडे आपलेही.

अवधपुरीच्या आजोबांनी वर्गशिक्षिकेला भेटून हेच सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि एकोणतीस ते एकोणनव्वदपर्यंतच्या ‘एकोण’वाल्या आकड्यांची दोन्ही भाषांतली नावे एका तक्त्यावर लिहवून घेतली. तो तक्ता आता वर्गाच्या भिंतीवर आहे आणि हिंदी घरांतली मुलेही ‘एकोणसाठ’ म्हणून हसतात, असे आजोबा सांगतात. तिथल्या भाषेत त्याला शिक्षा म्हणतात. आपण शिक्षण म्हणू.